ग्वाल्हेरीस विद्येसाठी

नाशिकास पंचवटीत आमचे घर तीर्थोपाध्यायांचे. गेल्या पाच-सहा पिढ्या आमच्या ओसरीवर परगावचा प्रवासी उतरत आला आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येने बारावीचा निकाल लागताच, आपण पर्यटन हा विषय घेऊन पदवीपरीक्षेस बसणार असे जाहीर केले, तेव्हा प्रथम सर्वांस हसू आले आणि हसू ओसरल्यावर वादास तोंड फुटले.

"प्रवास ही काय कॉलेजात जाऊन शिकण्याची गोष्ट आहे?" हा पहिला प्रश्न आमचे चुलते आबा यांचा. आबांचे वय आज अठ्ठ्याहत्तर आहे. "यात्रेकरू दारी आला, त्याला पाणी दिले, पाट दिला, रामकुंडावर नेऊन आणले, त्याचे हवे-नको पाहिले. हे शिकायला तुझे पणजोबा कोणत्या वर्गात बसले होते?" दुसरा प्रश्न थोरल्या वहिनींचा, आणि तो पोटापाण्याचा होता. आमच्या आळीतील एक मुलगा सहली काढणाऱ्या एका कंपनीत चांगल्या पगारावर होता. २०२० च्या मार्चात देशभर टाळेबंदी पुकारली गेली, आणि तो वर्षभर घरी बसून शेवटी एका किराणा दुकानात हिशेब लिहू लागला. परदेशी जाणारी नेहमीची विमाने तर २७ मार्च २०२२ पर्यंत पूर्ववत सुरू झाली नव्हती. "एका साथीने जो धंदा दोन वर्षे आडवा होतो, त्यावर मुलीने सारे आयुष्य का टाकावे?" या प्रश्नास आमच्यापैकी कोणापाशीच चटकन उत्तर नव्हते. तिसरा प्रश्न कोणी उघड विचारला नाही, पण तो पुष्कळांच्या मनात होता: मुलीने परक्या माणसांचे तांडे घेऊन गावोगाव हिंडावे काय?

आबांचा प्रश्न नीट समजण्यास आमच्या घरातील वह्यांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. तीर्थक्षेत्री गेलेल्या प्रत्येक कुटुंबास ठाऊक असते की, तेथे आपल्या गावचे, आपल्या घराण्याचे उपाध्ये ठरलेले असतात. प्रवाशाने आपले आडनाव आणि मूळ गाव सांगितले की, उपाध्ये लाल बासनातून एक लांबट वही काढतात. तीत त्या प्रवाशाच्या आजोबांचे, पणजोबांचे नाव निघते. कोण कोणत्या साली कोणाच्या अस्थी घेऊन आला, बरोबर कोण होते, घरात मुले किती, हे निघते. आणि पुष्कळदा खाली पणजोबांची सहीही निघते. ती पाहताना डोळे न भरून आलेला यजमान आम्ही क्वचितच पाहिला असेल. मग नवा प्रवासी त्याच घराण्याच्या नोंदीखाली आपली नोंद करतो. वारसाच्या तंट्यांत अशा वह्या कोर्टानेही पुरावा म्हणून पाहिल्या आहेत. आमच्याकडील जुन्या वह्या मोडीत आहेत, आणि घरात त्या सरळ वाचणारे आता एकटे आबाच उरले आहेत. त्यांचे चिरंजीव पुण्यास इंजिनियर आहेत. तेव्हा 'कोणत्या वर्गात बसले होते' या प्रश्नामागे आबांचा जो सल होता तो हा: घरची विद्या घरात कोणी विचारीत नाही, आणि तिचीच नक्कल शिकावयास मुले फी भरून परगावी जातात!

मुलगी मात्र आपल्या बेतावरून ढळली नाही. तिने प्रवेशपरीक्षा दिली आणि तिला ग्वाल्हेरीस जागा मिळाली. तेथे केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची 'भारतीय पर्यटन एवं यात्रा प्रबंध संस्थान' नावाची संस्था आहे. ती १९८३ साली निघाली. भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर येथेही तिच्या शाखा आहेत, आणि गोव्यातील शाखेत पाण्यावरील खेळ व त्यांतील सुरक्षितता यांचे शिक्षण मिळते. मुलगी गेली, पहिले वर्ष पास झाली, दुसऱ्यात बसली; तरी आबांनी तिच्या अभ्यासाविषयी अवाक्षर काढले नाही. "पाहिल्यावाचून मी मत देत नाही," एवढेच ते म्हणत. अखेर गेल्या मार्गशीर्षात आबा, आम्ही आणि आमच्या सौ. अशी तिघे ग्वाल्हेरीस निघालो.

पंजाब मेल ही १९१२ सालापासून धावणारी जुनी गाडी. मुंबईहून संध्याकाळी सुटून ती रात्री नाशिकरोडास येते. आबांनी फराळाचा डबा, पाण्याची सुरई आणि धाबळी असा जुन्या पद्धतीचा सरंजाम घेतला होता. सकाळी डोळे उघडले तो मध्य प्रदेशची सपाट शेते खिडकीतून सरकत होती. दुपार कलल्यावर झाशी आली. स्टेशनावर आता वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव आहे. आबा पायात चपला न घालता दारापर्यंत गेले आणि फलाटाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले.

याच मुलखातून आमच्याच पेशाचा एक मनुष्य पायी गेला होता, याची आम्हांस तेथे आठवण झाली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असे त्यांच्या कानी आले होते, आणि दक्षिणेच्या रकमेतून घरचे कर्ज फिटेल ही आशा होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला आणि भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. मिळविले ते बहुतेक लुटले गेले. घरी पोहोचली ती गंगेची कावड. पुढे त्यांनी लिहून ठेविलेली हकिकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने छापली. द्रव्यासाठी निघालेल्या गोडसे भटजींचे द्रव्य उरले नाही, त्यांची हकिकत मात्र उरली. प्रवाशाच्या हाती शेवटी काय राहते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आणि विद्येसाठी ग्वाल्हेरीस जाणे हेही मराठी माणसास नवे नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हालअपेष्टा सोसून ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशांपाशी ख्यालगायनाची तालीम घेतली आणि ती गायकी महाराष्ट्रात आणली. त्यांचेच शिष्य पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरीस संगीताचे सर्जनशील नगर म्हणून मान दिला, त्या मानात मराठी शिष्यांच्या पायपिटीचाही वाटा आहे. गाडीत आम्ही ही गोष्ट काढताच आबा म्हणाले, "बुवा गाणे शिकायला गेले होते. गाण्याला गुरू लागतो. प्रवासाला काय लागते?" आम्ही गप्प राहिलो. उत्तर मुलीने द्यावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या वह्या घेऊन आम्ही उतरलो होतो तेथे आली. तिचे विषय ऐकून आमच्या सौ. थक्क झाल्या. भूगोल आणि इतिहास तर होतेच. पण हिशेब, जाहिरात, विमानाची तिकिटे, पासपोर्ट व व्हिसाचे नियम, ग्राहकाचे हक्क, पाहुण्यांची उतरण्याची व्यवस्था, आणि एक परकी भाषा एवढे सारे होते. तिकिटांच्या वहीत जगातील विमानतळांच्या तीन-तीन अक्षरी खुणा होत्या. आमच्या ओझरची खूण 'आय-एस-के'. मुंबईचे नाव १९९५ साली बदलले, तरी तिची खूण अजून 'बी-ओ-एम' अशीच चालते. "आमच्याही वहीत गावांच्या खुणा असतात, गावाचे नाव बदलले तरी खूण बदलू नये, नाहीतर मागचा माणूस सापडत नाही," असे आबा हळूच म्हणाले. ते प्रथमच काही बोलले म्हणून मुलीस धीर आला.

तिने हिशेबाची वही उघडली. वर्गात त्यांस एक उदाहरण घातले होते. चाळीस माणसांची सहल न्यावयाची आहे. गाडीचे भाडे ६०,००० रुपये आणि वाटाड्याचे ८,००० रुपये; माणसे कितीही आली तरी हे ६८,००० द्यावेच लागतात. जेवणखाण आणि मुक्काम यांस दर माणशी ४,५०० रुपये पडतात. चाळीस माणसे धरून दर माणशी खर्च ६,२०० होतो, म्हणून ६,५०० रुपये दर ठरविला. म्हणजे एकंदर १२,००० रुपये सुटावे. पण आयत्या वेळी बत्तीसच माणसे आली तर? गाडी तर तेवढीच मोठी. मग दर माणशी खर्च ६,६२५ वर जातो आणि ४,००० रुपये पदरचे घालावे लागतात. तेव्हा किती माणसे आली असता ना नफा ना तोटा?

ती पुढे सांगणार तोच आबा म्हणाले, "चौतीस." मुलगी त्यांच्याकडे पाहातच राहिली. आबांनी कागद-पेन्सिल काहीच घेतले नव्हते. "माणशी दोन हजार सुटतात, अडुसष्ट हजारांस चौतीस माणसे लागतात. पस्तिसावा माणूस आपला पोशिंदा. आमच्या वडिलांना हे गणित बुंदीच्या घाण्यावरून येत असे: आचारी तोच, चूल तीच, पंगतीत पाने किती?" त्या क्षणापासून वादी-प्रतिवादी हे नाते संपून दोघांत एकाच धंद्यातल्या माणसांचे बोलणे सुरू झाले.

पण एक प्रकरण असे निघाले की, त्यावर आबांस हिशेब सांगता आला नाही. ते गर्दीचे होते. एखादे स्थळ किती माणसे सोसू शकते, हे मोजावयाचे कसे? तेथील पाणी किती, शौचकूप किती, वाट किती रुंद, आत येणाऱ्यास दुसऱ्या वाटेने बाहेर पडता येते की नाही, हे आधी कागदावर मांडावे लागते. एका चौरस मीटरात पाच-सहा माणसे दाटली की, माणूस आपल्या पायांनी चालत नाही. पाण्याच्या लोंढ्यासारखा ढकलला जातो, आणि पुढचा पडला हे मागच्यास कळत नाही. हे वाचून दाखविताना मुलीचा आवाज सहज होता. तिला ते परीक्षेसाठी पाठ होते. आबांचा चेहरा मात्र उतरला. २७ ऑगस्ट २००३ रोजी, सिंहस्थातील शाहीस्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा आबा तेथून हाकेच्या अंतरावर होते. आपल्याकडे उतरलेल्या मंडळींची ते रात्रीपर्यंत वाट पाहात बसले होते. ती मंडळी सुखरूप परतली. पण चपलांचा जो खच आबांनी दुसऱ्या दिवशी पाहिला, त्याविषयी ते घरात कधी बोलत नाहीत.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "अतिथीला पाट द्यायचे आम्हांला ठाऊक होते. वाट किती रुंद आहे ते आम्ही मोजले नव्हते." मग वही पुढे ओढून त्यांनी ते पान पुन्हा वाचावयास सांगितले, आणि या खेपेस चष्मा लावून ऐकले.

तिसऱ्या दिवशी किल्ला पाहावयाचा बेत होता. मुलीस अभ्यासाचा भाग म्हणून एका लहान मंडळीस किल्ला दाखवून त्याचे टिपण लिहावयाचे होते, आणि तिने आमचीच निवड केली होती. तिचा कार्यक्रम पाहूनच तिच्या शिक्षणाचा पहिला उपयोग आम्हांस कळला. ग्वाल्हेरचा किल्ला सुमारे शंभर मीटर उंचीच्या लांबट डोंगरावर पसरला आहे. त्यास पूर्वेकडून पायवाट आहे आणि पश्चिमेकडे उरवाही दरवाजाने गाडी वर जाते. तिने आम्हांस पश्चिमेने गाडीने वर नेले आणि पूर्वेने सावकाश पायी उतरविले. आबांस चढणीचा दम लागू नये, आणि उतरणीवर बसण्याच्या तीन जागा सावलीत याव्यात, अशा बेताने वेळ आखली होती.

उरवाहीच्या दरीत खडकातून कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत. त्या पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी कोरल्या गेल्या. काहींची तोंडे फोडलेली आहेत; तो हुकूम आपण दिला असे बाबराने आत्मवृत्तात स्वतःच लिहून ठेविले आहे. मुलीने हे आवाज न चढविता सांगितले आणि पुढे तितक्याच शांतपणे, कोणत्या मूर्तींची डागडुजी मागाहून झाली ते दाखविले. वर मानसिंह तोमराचा मानमंदिर वाडा आहे. त्याची कारकीर्द १४८६ ते १५१६. दगडी भिंतीवर निळ्या झिलईच्या पट्ट्या आणि त्यांत एकामागून एक चाललेली पिवळी बदके! पाचशे वर्षे झाली तरी त्या निळ्या रंगाची टवटवी ढळलेली नाही. पण त्याच वाड्याच्या तळघरांत पुढे मोगलांनी बंदिवान ठेविले, आणि औरंगजेबाने आपला भाऊ मुराद यास याच किल्ल्यात १६६१ साली मारविले. वर बदकांची रांग आणि खाली अंधारकोठडी, हे एकाच इमारतीत पाहून मन विषण्ण झाले.

पलीकडे सासबहूची देवळे आहेत. हे नाव ऐकताच आमच्या सौ. हसून म्हणाल्या, "दोन देवळे वेगवेगळी आहेत ना? मग नांदत असतील सुखाने!" मुलीने सांगितले की, मोठ्या देवळातील शिलालेख १०९३ सालचा असून देऊळ विष्णूचे आहे, सहस्रबाहू या नावाचा अपभ्रंश होऊन 'सासबहू' झाले असे मानतात. सासूसुनेची गोष्ट लोक आवडीने सांगतात, म्हणून तीही तिने सांगितली. मात्र 'अशी गोष्ट आहे' असे म्हणून सांगितली. तोपर्यंत तिच्या या 'अशी गोष्ट आहे' आणि 'असा लेख आहे' यांतील भेदाकडे आमचे लक्ष गेले नव्हते. ते गेले उतरताना.

उतरणीच्या वाटेवर खडकात कोरलेले चतुर्भुजाचे एक इवलेसे मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ चा लेख आहे. त्यात देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिल्याचे, आणि रोज ५० माळांची सोय केल्याचे लिहिले आहे. २७० आणि ५० या आकड्यांतील शून्ये आजच्या शून्यासारखीच गोल आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा एक वाटाड्या आपल्या मंडळीस मोठ्याने सांगत होता की, जगातील पहिले शून्य ते हेच. मंडळींनी टाळ्या वाजविल्या, छायाचित्रे घेतली, आणि वाटाड्यास खुशीने बक्षीस दिले. आमची छाती फुगली हे आम्ही कबूल करतो.

ती मंडळी गेल्यावर मुलगी म्हणाली, "काका, जगातले पहिले म्हणता येत नाही. कंबोडियात शके ६०५ चा, म्हणजे सन ६८३ चा लेख आहे. त्यात शून्याच्या जागी टिंब आहे. आपले हे भारतातले फार जुने, सन-संवतासह कोरलेले शून्य आहे, एवढे खात्रीने म्हणता येते."

आमचा उत्साह ओसरला. एक गृहस्थ मुलाबाळांसह मागे उभे राहून ऐकत होते, ते तर हिंदीत सरळच म्हणाले, "पहिले नाही, तर मग एवढे उतरून पाहायचे काय?"

मुलीने क्षणभर विचार केला. मग ती हिंदीतच म्हणाली, "हा लेख गणिताच्या पंडिताने लिहिलेला नाही. हा देवळाच्या फुलांचा हिशेब आहे. साडेअकराशे वर्षांपूर्वी या गावात माळ्याच्या जमिनीचे माप लिहिताना लोक शून्य वापरीत होते, म्हणजे शून्य तेव्हा इथे नवलाचे राहिले नव्हते. जे शास्त्र फुलांच्या हिशेबापर्यंत उतरले, ते त्या लोकांच्या किती अंगवळणी पडले असेल!" गृहस्थांचा धाकटा मुलगा वाकून भिंतीकडे पाहू लागला आणि बोट हवेतच फिरवून त्याने 'दो, सात, शून्य' असे वाचले. नवव्या शतकातील आकडा त्या मुलास वाचता आला! त्या गृहस्थांनी बक्षीस वगैरे काही दिले नाही; पण ती मंडळी तेथे बराच वेळ उभी होती.

आबा पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "वडिलांच्या वेळची गोष्ट. एका मोठ्या यजमानाने वहीतले एक नाव गाळायला सांगितले. भाऊबंदकी होती. पाहिजे ती दक्षिणा देतो म्हणाला. वडिलांनी वही मिटली. तो यजमान पुन्हा आपल्या दारी आला नाही. पाच गावे तुटली. आम्ही लहान होतो, आम्हांला वाटले वडील हेकट आहेत." थोडे थांबून ते मुलीस म्हणाले, "यजमानाला बरे वाटावे म्हणून त्याला एक पणजोबा जादा लिहून देता येत नाही, बाळ. हे तुला तिथे शिकवले का?"

"तिथे 'खात्री नसेल ते सांगू नका' एवढे शिकवतात," ती म्हणाली. "बाकीचे घरचे असेल."

त्या दिवसाचे उरलेले वर्णन थोडक्यात करतो. १८७४ साली बांधलेला शिंद्यांचा जयविलास वाडा पाहिला. तेथील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची ताकद पाहाण्यास वर हत्ती चढविले होते, असे सांगतात. कोणी आठ सांगतो, कोणी दहा. आम्हीच मुलीकडे पाहून म्हणालो, "अशी गोष्ट आहे!" फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपुढे आबा फार वेळ बसले. राणीच्या मृत्यूची तारीख १७ जून १८५८ की १८, याविषयी मतभेद आहेत. मुलीने दोन्ही सांगितल्या आणि मग तीही गप्प बसली. संध्याकाळी तानसेनाच्या कबरीपाशी गेलो. तेथील चिंचेचा पाला खाल्ला असता गळा गोड होतो या समजुतीने गवई तो खात आले आहेत. आमच्या सौ.नी एक पान तोंडात टाकले; परिणाम अद्याप दिसून आला नाही.

रात्री मुक्कामावर थोरल्या वहिनींचा प्रश्न आम्ही मुलीपुढे ठेविला, कारण परत गेल्यावर त्यांस उत्तर द्यावे लागणार होते. तिने काही लपविले नाही. प्रारंभीचा पगार बेताचा असतो. हंगामात सणवार घरी मिळत नाही. जग पाहावयास मिळेल या आशेने जो या अभ्यासास येतो तो फसतो. कारण पुष्कळांचे दिवस कचेरीत बसून दुसऱ्यांचे प्रवास जुळविण्यातच जातात. साथ, युद्ध, भूकंप यांपैकी काहीही झाले तरी पहिला घाव या धंद्यावर पडतो. म्हणूनच तिला पढविले आहे की, प्रवाशाने आगाऊ दिलेली रक्कम त्याचा प्रवास पुरा होईपर्यंत आपली समजू नये. ती वेगळी ठेवावी. आणि म्हणूनच ती भाषा व हिशेब हे दोन विषय अधिक मन लावून शिकते. हा धंदा निजला तरी ती दोन शस्त्रे दुसरीकडे चालतात.

ज्या घरांत मुले हा विषय घेऊ म्हणत असतील, तेथील वडील मंडळींस आमचे एवढेच सांगणे आहे की, पदवी कोणत्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची मिळणार, शिक्षणकाळात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किती महिने मिळणार, आणि एक परकी भाषा पक्की होणार की नाही, या तीन गोष्टी फी भरण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. मुलीने हिंडावे काय, हा जो तिसरा प्रश्न, त्याचे उत्तर आम्हांस किल्ल्याच्या उतरणीवर मिळाले. त्या दिवशी चार परक्या माणसांपुढे ती ज्या धिटाईने आणि मर्यादेने उभी होती, ती पाहून आम्हांस तिची काळजी वाटली नाही. आमचीच थोडी वाटली.

निघण्याच्या दिवशी स्टेशनावर तिने भीत भीत आबांस विचारले की, वह्यांची पाने जीर्ण होत आहेत, तर त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवू का? यजमानांची नावे आहेत, ती बाहेर जाऊ देणार नाही. ज्याची नोंद त्यासच दाखवू. आमचा श्वास रोखला गेला. आबांनी त्या वह्या आजवर घरच्या सुनांच्या हातीही दिलेल्या नाहीत.

गाडी आली. सामान चढले. आबा खिडकीपाशी बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडीस धक्का बसला तेव्हा ते खिडकीच्या गजांतून म्हणाले, "चित्रे काढून काय करशील? तुला वाचता कुठे येते! दिवाळीच्या सुटीत ये. आधी मोडी शीक. मग पाहू."

'मग पाहू' याचा अर्थ आमच्या घरात काय होतो हे मुलीस ठाऊक आहे. फलाट मागे पडेपर्यंत ती हात हालवीत उभी होती. आबांनी डब्यातील लाडू काढून आमच्या सौ.पुढे धरला आणि विचारले, "पुढचा सिंहस्थ येईल तेव्हा हिची परीक्षा झालेली असेल ना?"